आतून लागणारी कडी

प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायचे नाही, हा नियम मला कोणी शिकवला नाही. तो वर्षानुवर्षे अंगात मुरत गेला. नोकरीची पहिली वर्षे मी आटपाडी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूमिती शिकवत होते. शाळा माळावर होती. पुरुष शिक्षकांना सगळा माळ मोकळा होता. आम्हा मोजक्या शिक्षिकांना मात्र शाळा सुटून घरी पोहोचेपर्यंत कुठलाही आडोसा नव्हता. म्हणून सकाळचा चहा अर्धा कप घ्यायचा, मधल्या सुट्टीत डबा कोरडाच खायचा, घसा सुकला तर खाकरून पुढचे प्रमेय फळ्यावर लिहायला घ्यायचे. तो भाग दुष्काळी असल्यामुळे गावाला वाटे, बाई पाण्याची काटकसर करतात. खरे कारण आम्ही एकमेकींनाही उघड सांगत नव्हतो. एकीचा घसा बसला की दुसरी तिचा तास घेई, इतकेच.

पुढे माझी साताऱ्याला बदली झाली. नव्या शाळेत स्वच्छतागृह होते, पण सवय गेली नाही. एस.टी.ने कुठे जायचे असले की आदल्या संध्याकाळी तांब्या आपोआप दूर सरके. आमच्याकडच्या बहुतेक बायकांचा हा न लिहिलेला प्रवासविधी आहे. डबा भरून घ्यायचा, पाण्याची बाटली भरून घ्यायची, आणि बाटली तशीच भरलेली घरी परत आणायची.

निवृत्तीनंतर माझ्या पाठीच्या कण्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली आणि तिच्याबरोबर पायांतली ताकदही गेली. संवेदना मात्र उरल्या. हा फरक मी मुद्दाम स्पष्ट करते, कारण पुष्कळांना वाटते की चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कंबरेखाली काही कळतच नाही. मला सगळे कळते. लघवीची भावना तुम्हाला होते तशीच मला होते. उठून जाता येत नाही, एवढाच भेद. हात माझे बळकट आहेत. आयुष्यभर फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत लिहिलेल्या हातांना कोणी दुबळे म्हणणार नाही.

आमच्या साताऱ्याच्या घरात न्हाणीघर आणि संडास एकच, आणि त्याचे दार अरुंद होते. खुर्ची आत जाईना. तेव्हा यजमान हयात होते. त्यांनी सुताराकडून चौकट काढून घेतली, भिंतीचा थोडा भाग फोडून घेतला आणि खुर्ची आत गेली. पण त्या रुंद भगदाडाला बसेल असे दार लावायचे राहिले, म्हणून तात्पुरता पडदा लावला. पुढे यजमान गेले. पडदा राहिला.

पडद्याबाहेर माझी धाकटी जाऊ उभी राहू लागली. दीर बहुतेक दिवस गावाकडे उसाच्या शेतावर असतात आणि तिची मुले नोकरीला बाहेर आहेत. त्या घरात आम्ही दोघीच. ती कऱ्हाडजवळच्या खेड्यातली. बोलणे रांगडे, मन मऊ. तोल गेला तर धरायला कोणीतरी हवे, म्हणून ती पडद्याला पाठ लावून थांबे, आणि थोड्या वेळाने तिचा आवाज येई.

"आवं अक्का, झालं का?"

"नाही अजून."

"बरं, बरं. मी हाय हितंच."

ती तिथेच आहे हे मला माहीत असे, आणि नेमकी तीच अडचण होती. प्रेमाने उभ्या असलेल्या माणसाला जा म्हणता येत नाही. ज्यांच्या घराचे दार आतून बंद होते त्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. त्यांनी एकदा आठवडाभर दार न लावता राहून पाहावे. माणूस चोवीस तास कोणाच्या तरी कानात राहतो, आणि तरीही, सांगायला विचित्र वाटते, फार एकटा राहतो.

माझी मुलगी दिल्लीला नोकरी करते. पूर्वी ती स्वतः येऊन मला घेऊन जाई आणि परत आणून सोडी. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला.

"आई, या वेळी मला रजा नाही. तू एकटी येशील का? विमानतळावर व्हीलचेअर ढकलणारी माणसं असतात, दोन्हीकडं. गाडी तुला दारापर्यंत सोडेल, इकडं मी दारात असेन. मधलं तेवढं तुझं तू."

"आणि नाही जमलं तर?"

"जमलं तर तुला वाटेल तेव्हा ये-जा करता येईल, आई. नाही जमलं तर मी सुटी मिळाली की येईनच ना."

सुटी मिळाली की, याचा अर्थ मला ठाऊक होता. मागच्या दोन दिवाळ्या त्याच अर्थाच्या होत्या. म्हणजे प्रश्न दिल्लीचा नव्हता. ज्याला ती 'मधलं तेवढं' म्हणत होती, ते मला कोणाच्या मदतीशिवाय पार करता येते का, हा होता. येत असेल तर मला लेक होती. नसेल तर फोनवरचा एक आवाज होता. आणि त्या मधल्या भागातली सगळ्यात कठीण जागा कोणती, हे आम्हा दोघींनाही न बोलता कळले होते.

जावेला मी सांगितले तेव्हा ती भाकरी थापत होती.

"एकल्या? इमानानं?" हात थांबले. "आन् तितं मंग... ते कोन बघनार?"

"माझं मी."

"व्हय, घरात न्हानीत जायचं तर मी लागती, आन् तितं तुमचं तुमी!" तिने भाकरी तव्यावर जरा जोरातच टाकली. "जावा. दिल्लीचं पानी ग्वाड लागंल."

दिल्लीचे सोडाच, मी साताऱ्याचेही पाणी बंद केले. आदल्या संध्याकाळी तांब्या जावेनेच नेहमीप्रमाणे अर्धा भरून आणला आणि मी तोही सोडून दिला. माझी योजना सरळ होती. पाणी प्यायचेच नाही म्हणजे जायची वेळच येणार नाही. भूमिती शिकवणाऱ्या बाईला हे कळायला हवे होते की प्रश्न टाळणे म्हणजे प्रश्न सोडवणे नव्हे. पण भीती वाटू लागली की शिक्षिकाही विद्यार्थ्यांसारखीच युक्ती शोधते.

विमानतळ आमच्या जिल्ह्याबाहेर, घाट ओलांडून जावे लागते अशा मोठ्या शहरात आहे. त्याचे नाव लिहीत नाही. मला तक्रार करायची नाही, घडले ते सांगायचे आहे. जाऊ गाडीतून माझ्याबरोबर आली होती. वाटेत हॉटेलपाशी गाडी थांबली, चालकाने चहा घेतला. हॉटेलच्या स्वच्छतागृहाला पायऱ्या होत्या. आम्ही दोघींनी त्यांच्याकडे पाहिले आणि गाडीतच बसून राहिलो. विमानतळाच्या दारात पहारेकऱ्याने तिकीट नसलेल्या माणसाला आत सोडता येणार नाही असे सांगितले, तेव्हा जावेने माझ्या मांडीवरची शाल उगीचच नीट केली.

"हितनं म्होरं मला सोडत न्हाईत म्हनं," ती म्हणाली, जणू ही बातमी मला नवी होती. मग वळून चालू लागली. काचेच्या दारातून ती बराच वेळ दिसत होती. ती एकदाही मागे वळली नाही. डोळे पुसायचे असले की ती असेच करते.

आत गेल्यावर तिकीट तपासणाऱ्या मुलीने माझी खुर्ची मागून घेतली. "ही सामानात जाईल, मॅडम. आमची खुर्ची घ्या." आजवर हे सगळे मुलगी पाही; मला वाटले, हाच नियम असेल. नियम पाळण्यात माझा जन्म गेला. मी खुर्ची दिली.

इथे थोडे समजावून सांगणे आवश्यक आहे. चाकाच्या खुर्च्या दोन प्रकारच्या असतात. एकीला मागे मोठी चाके असतात. बसलेला माणूस ती हाताने फिरवतो आणि हवे तिथे जातो. दुसरीची चारही चाके लहान असतात. तिला मागून कोणीतरी ढकलावे लागते. दोघींना आपण एकच नाव दिले आहे, पण एकीत माणूस प्रवासी असतो आणि दुसरीत सामान. माझ्या खुर्चीचा हात ठेवायचा दांडा उचलून मागे टाकता येतो, म्हणजे शेजारच्या पलंगावर किंवा आसनावर सरकता येते. विमानतळाच्या खुर्चीचे दोन्ही दांडे पक्के होते. हे सगळे मला त्या क्षणी दिसले. त्याचा अर्थ मात्र नंतर कळला.

खुर्ची ढकलायला आलेला माणूस पन्नाशीचा, ताठ पाठीचा, मिशा कातरलेला होता.

"गाव कंचं म्हनायचं?" चालता चालता त्याने विचारले.

"सातारा."

"आगागागा! मंग घरच्याच की तुमी! मी मान तालुक्यातला. पलटनीत व्हतो. पेन्शन निगाली, पर घरात बसून बायकू वैतागली. म्हनली, कायतरी ढकलत ऱ्हावा." तो स्वतःच हसला. "तवा हे ढकलतोय."

मीही हसले. त्या अनोळखी, चकचकीत जागेत आपल्याकडची बोली ऐकून बरे वाटले. त्याने मला एका खांबाजवळ नेले, ब्रेक लावला आणि "बोलीवलं की येतो" म्हणून दुसऱ्या कोणाला आणायला गेला. खुर्चीचे तोंड खांबाकडे होते. घाईत त्याच्या ते लक्षात आले नसावे. माझ्या पुढ्यात करड्या रंगाचा गुळगुळीत दगड होता आणि मागे माणसांचा आवाज. खुर्ची स्वतः फिरवता येत नव्हती, म्हणून मी शिक्षा झालेल्या मुलासारखी भिंतीला तोंड करून बसून राहिले. शेजारून लोक जात होते. त्यांच्या चाकांच्या बॅगा माझ्यापेक्षा सहज वळत होत्या.

मग घोषणा झाली. दिल्लीला धुके होते. विमान उशिरा सुटणार होते. माझ्या योजनेत धुके नव्हते. गोळी घ्यायची वेळ झाली, तेव्हा घोटभर पाणी घ्यावे लागले. डोके हलके झाले होते, ओठ चिकटत होते, आणि अशा अवस्थेतही काही वेळाने ती भावना झालीच. न प्यालेल्या पाण्याची शरीराला काही भीड नसते.

मी मान वळवून वळवून वाट पाहिली. अखेर तो माणूस दिसला. मी हात वर केला.

"काय बाई, आलं का इमान?"

"नाही. मला स्वच्छतागृहात जायचं आहे."

तो गंभीर झाला. "आवं, आदी बोलायचं न्हाई का! आन् परवासात पानी कमीच प्यावं मानसानं, लय बेकार काम असतंय हे." कालपासून मी किती प्याले, हे त्याला कसे सांगावे?

खोली उत्तम होती. हे मी न्यायबुद्धीने लिहिते. दारावर चाकाच्या खुर्चीचे चित्र होते. दार बाजूला सरकणारे होते, म्हणजे उघडताना खुर्ची मागे घ्यावी लागत नाही. आत खुर्ची स्वतःभोवती पूर्ण वर्तुळ घेऊ शकेल इतकी जागा होती. अशा वर्तुळाचे माप लक्षात ठेवायचे असेल तर मोठ्या माणसाने दोन्ही हात पसरून उभे राहावे. तेवढा व्यास लागतो. कमोडच्या आसनाच्या एका बाजूला भिंतीत बसवलेला लोखंडी दांडा होता, दुसऱ्या बाजूला खाली-वर होणारा. हात धुण्याच्या भांड्याखाली गुडघे जातील अशी मोकळीक होती. अडचणीच्या वेळी ओढायला तांबडी दोरी होती. ज्याने ही खोली आखली त्याने कोणाच्या तरी आयुष्याचा विचार केला होता. आणि कडी! बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर, हलकी, नुसत्या तळव्याने लागेल अशी.

मी त्या माणसाला सांगितले, "मला आसनाशेजारी लावा आणि तुम्ही बाहेर जा."

त्याने लावले. मी आसनाकडे सरकायला गेले, आणि खुर्चीचा पक्का दांडा बरगडीला लागला. तो उचलला जाईना. पुढून वळून पाहिले, तर पाय अडकले. मी पुन्हा प्रयत्न केला. दाराबाहेरून त्याचा आवाज आला.

"जमतंय का न्हाई, बाई?"

आणि मी "नाही" म्हणाले.

त्याने सफाई करणाऱ्या बाईला हाक मारली. ती आली, तिने मला काखेत हात घालून उचलले, त्याने खुर्ची मागे ओढली. मग तो दारात पाठमोरा उभा राहिला, दार थोडे उघडे धरून. "लाजू नका, मी भायेर त्वांड करून हाय. पलटनीत असल्या ड्यूट्या लय केल्यात." त्या बाईने माझ्या पायजम्याचे इलॅस्टिक सावरत विचारले, "संगं कुनी न्हाई का, मावशी? पोरगं-बिरगं?" दोघेही भली माणसे होती. कोणी काही चुकीचे वागले नाही. तरीही इतक्या सुंदर खोलीत मी पडद्यामागेच बसले होते. साताऱ्याला निदान बाहेरचा आवाज ओळखीचा होता.

दिल्लीला मुलगी दारात उभी होती. तिने पहिला प्रश्न तोच विचारला.

"जमलं ना, आई?"

"नाही जमलं," मी म्हणाले. "दोघांनी उचललं मला."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत बसेपर्यंत तो काढला नाही. गाडीत ती रहदारीबद्दल बोलत राहिली.

तिचे घर चांगल्या इमारतीत आहे. लिफ्ट आहे, गच्चीत कुंड्या आहेत. न्हाणीघराचे दार माझ्या खुर्चीपेक्षा थोडे अरुंद आहे. घर भाड्याचे, म्हणून भिंत फोडता येत नाही. माझ्यासाठी तिने खोलीतच बैठकीची खुर्ची आणून ठेवली होती, खाली भांडे असलेली, आणि दिवसा मदतीला एक बाई ठेवली होती. मुलगी सकाळी कामावर जाई, संध्याकाळी उशिरा येई. धुक्यामुळे खिडकीबाहेर काही दिसत नसे. कामवालीची आणि माझी भाषा जेमतेम जुळे. मी कुंड्यांतल्या मातीला बोट लावून ओल पाही. लेकीच्या घरी येऊन लेकीची वाट पाहणे हे साताऱ्यात वाट पाहण्यापेक्षा वेगळे नव्हते. फक्त थंडी जास्त होती.

अशाच एका दुपारी मी एक काम केले. शाळेत मुलांना प्रमेय अडले की मी सांगत असे, घाबरू नका, पक्ष आणि साध्य वेगळे मांडा. तसे मी मनाशी मांडले. पक्ष: खोली पुरेशी आहे, दांडे योग्य जागी आहेत, हात बळकट आहेत. साध्य: एकटीने सरकणे. मग सिद्धता कुठे अडली? खोलीत चूक नव्हती. माझ्यातही नव्हती. मधली एक पायरी बदलली गेली होती. माझी खुर्ची माझ्याजवळून गेली होती, आणि ती जाऊ देताना मी एक प्रश्नही विचारला नव्हता. पाण्याचेही तसेच. कोरड्या घशाने, गरगरत्या डोक्याने कोणते शरीर तोल सांभाळील? मी स्वतःच माझा पक्ष दुबळा करून गेले होते.

मुलीला रात्री जेवताना हे सांगितले. तिने चौकशी केली. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत जवळ ठेवता येते. फक्त आधी सांगावे लागते, आणि ठामपणे सांगावे लागते.

"तू सांगशील?" तिने विचारले. "नाहीतर मी आतपर्यंत येण्याची परवानगी काढते."

"नको. मग परत तेच झालं."

परतीच्या सकाळी मी दोन पेले पाणी प्याले. मुलगी बघत राहिली. तिने लहानपणापासून आईला प्रवासाच्या दिवशी पाणी पिताना पाहिले नव्हते.

तिकडच्या विमानतळावर तिकीट तपासणारा तरुण म्हणाला, "मॅडम, ये चेअर सामान में जाएगी."

मी माझ्या शाळेतल्या हिंदीत म्हणाले, "नहीं जाएगी. ये मेरे पैर हैं. हवाई जहाज़ के दरवाज़े पर दूँगी."

त्याने कोणाला तरी विचारले, खुर्चीला एक चिठ्ठी बांधली आणि वाट दिली. इतके सोपे होते ते. मदतीला दिलेली बाई माझ्या शेजारून चालत होती, मी माझी चाके फिरवत होते. विमानाची वाट पाहायच्या जागी पोहोचल्यावर मी बाटली उघडली आणि चारचौघांत, हळूहळू, पूर्ण संपवली. कोणाचेही लक्ष नव्हते. या वेळी बाटली रिकामीच घरी जाणार होती.

मग वेळ आली. मी त्या बाईला सांगितले की मी जाऊन येते. तिने जागा दाखवली आणि आपल्या फोनमध्ये पाहू लागली.

दार सरकले. मी आत गेले, खुर्ची फिरवली, तळव्याने कडी लावली. एक लहानसा आवाज झाला. यजमान गेल्यापासून, खरे तर त्याही आधीपासून, मी तो आवाज स्वतःच्या हाताने केला नव्हता.

खुर्ची आसनाला तिरकी लावली. दोन्ही ब्रेक. पाय जमिनीवर नीट ठेवले, आधी एक, मग दुसरा. खुर्चीचा दांडा उचलून मागे टाकला. एक हात भिंतीच्या लोखंडावर, दुसरा खुर्चीच्या गादीवर. श्वास घेतला, भार हातांवर घेतला आणि सरकले. अर्ध्यावर पाऊल वळले, क्षणभर वाटले की पडणार. तांबड्या दोरीकडे नजर गेली. पण हात टिकले. मी आसनावर होते.

काम झाले तरी मी लगेच उठले नाही. बाहेर कोणी विचारत नव्हते. मी घाई केली नाही तरी कोणाचे दूध उतू जाणार नव्हते, कोणाचे पाय दुखणार नव्हते. मी स्वस्थ बसून राहिले, आणि अचानक दिवा विझला. काळोख झाला. घाबरण्यापूर्वी लक्षात आले की हा दिवा हालचालीवर पेटतो. बराच वेळ काही हलले नाही की खोली रिकामी आहे असे तो समजतो. मी हात वर केला. वर्गात हजेरी घेताना मुले करतात तसा. दिवा लागला.

त्या उजेडात मला जे वाटले ते केवळ आनंदाचे नव्हते. साध्य सिद्ध झाले होते. पण मला या देशात कडी लावता येईल अशी खोली कुठे मिळाली? तर जिथे कोणीच राहत नाही, जिथून प्रत्येकाला निघूनच जायचे असते, अशा जागी. माझ्या घरी पडदा होता, लेकीच्या घरी भांड्याची खुर्ची होती. आणि इथे, जिथे मला ओळखणारे एकही माणूस नव्हते, तिथे माझ्या हाताच्या उंचीवर कडी होती. मी थोडा वेळ कान देऊन ऐकले. कोणी "अक्का" म्हणून हाक मारली नाही. मग मी पुन्हा सरकून खुर्चीत आले, हात धुतले आणि बाहेर पडले. त्या बाईने फोनमधून डोके वर काढले. "हो गया?" इतकेच म्हणाली.

मुलीला मी विमानात बसण्यापूर्वी फोनवर सांगितले, "जमलं." ती म्हणाली, "मग उन्हाळ्यात परत ये."

साताऱ्याला आल्यावर मी सुताराला बोलावले. न्हाणीघराच्या भगदाडाला वरून रुळावर सरकणारे दार बसवून घेतले, भिंतीत दांडे बसवले, आणि कडी कुठे लावायची ते खडूने स्वतः खूण करून दाखवले. सुतार म्हणाला, "बाई, लय खाली हुतीया." मी म्हटले, "बसून लावून पाहा." त्याने पाटावर बसून लावली आणि मान डोलावली.

जाऊ हे सगळे दारात उभी राहून पाहत होती. भुसा झाडायला तीच आली. पडदा तिने काढला, धुतला, घडी घालून कपाटात ठेवला. पहिल्या दिवशी मी आत गेले, कडी लावली, तेव्हा तिच्या चपलांचा आवाज नेहमीच्या जागेपर्यंत आला, थांबला, आणि मग स्वयंपाकघराकडे गेला. मी उगीचच वाट पाहिली. हाक आली नाही. दारामागे शांतता होती, विमानतळावरच्या खोलीत होती तशीच. फक्त इथे मला ठाऊक होते की भिंतीपलीकडे कोण बसले आहे, आणि त्या जाणिवेने ती शांतता हलकी होत नव्हती.

उन्हाळ्यात दिल्लीला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी जावेने सवयीप्रमाणे अर्धा तांब्या आणून ठेवला.

"भरून आण," मी म्हटले.

"उद्या परवास हाय न्हवं?"

"आहे. म्हणूनच."

तिने तांब्या भरून आणला. मी पेल्यात ओतून प्याले. ती पलंगाच्या कडेला टेकली. तिची नजर नव्या दाराकडे होती, त्याच्या बाहेरच्या त्या फरशीकडे, जिथे तिच्या उभे राहण्याने रंग थोडा घासला गेला होता.

"अक्का," ती म्हणाली, "आता म्या कुटं हुबं ऱ्हायचं वं?"

मी दुसरा पेला भरला आणि तो तिच्या हातात दिला.